त्रिकोण काढताना किती वळायचं?

सातवीतल्या मुलाला संगणकाच्या पडद्यावरच्या कासवाकडून त्रिकोण काढून घ्यायला सांगा. तिन्ही बाजू सारख्या हव्यात, एवढीच अट. असल्या त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे त्याला पाठ असतं. त्यामुळे तो न अडखळता आज्ञा लिहितो: शंभर पावलं पुढे जा, उजवीकडे ६० अंश वळ, हेच तीन वेळा कर. कासव सांगितलं तेवढं इमानदारीनं करतं. पण पडद्यावर त्रिकोण येत नाही. एका बाजूनं उघडी राहिलेली, अर्ध्या षटकोनाची तीन रेघांची आकृती येते.

मूल आधी संगणकावर संशय घेतं. मग तीच आज्ञा पुन्हा चालवून बघतं. मग शेजारच्याच्या पडद्यावर नजर टाकतं. तिथेही तीच उघडी आकृती. इथे शिक्षकानं उत्तर सांगितलं की तास संपला असं समजावं. त्याऐवजी त्यानं म्हणायचं, “ऊठ, आणि तूच कासव हो.” मूल वर्गातल्या मोकळ्या जागेत खडूनं काढलेल्या त्रिकोणावरून चालतं. पहिल्या कोपऱ्यावर येऊन दुसऱ्या बाजूकडे तोंड करायला वळतं आणि थांबतं. आपण जितके वळणार असं वाटलं होतं त्याच्या दुप्पट वळलो, हे त्याला पायांतून कळतं. त्रिकोणाच्या आतला कोन ६० अंशांचा. पण चालणाऱ्याला १२० अंश वळावं लागतं. मग एखादी मुलगी आपणहून म्हणते, तीनदा १२० म्हणजे ३६०, म्हणजे एक पूर्ण गिरकी. चौकोनाला चारदा ९०, तेही ३६०च. ती वहीत काहीतरी भागाकार करते आणि पंचकोनासाठी ७२ हा आकडा घेऊन येते.

ही करामत जुनी आहे. १९६७मध्ये अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइरत्सिग यांनी मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून आलेले. सुरुवातीची कासवं पडद्यावर नव्हती. जमिनीवर फिरणारी, पोटाशी पेन असलेली यंत्रं होती. मुलानं आपलं शरीर वापरून कासवाच्या जागी उभं राहावं, यावर पॅपर्ट यांचा भर होता. १९८०मध्ये त्यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ आलं आणि शाळेत प्रोग्रामिंग का शिकवावं याचं उत्तर जगभरचे शिक्षक त्या पुस्तकात शोधू लागले.

प्रोग्रामिंगची ओळख करून देणाऱ्या छोट्या उपक्रमांचा आज सुकाळ आहे. अर्धा तास, एक तास, दोन दिवसांची कार्यशाळा. ते चांगले की वाईट हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो: मुलाच्या हातून स्वतःची अशी चूक झाली का, आणि ती त्यानं स्वतः शोधली का. पडद्यावर शेवटी काय नाचलं, याला माझ्या लेखी फार किंमत नाही. आणि हा निकष तपासायला देशात कोलकात्याइतकं योग्य शहर दुसरं नाही.

आपल्याकडे संगणक म्हटलं की बंगळुरू आठवतं, फार तर पुणे. पण देशातला पहिला डिजिटल संगणक आला तो कोलकात्याच्या उत्तरेला, बी. टी. रोडवर, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना देशाच्या नियोजनासाठी आकडेमोड करणारी यंत्रं हवी होती. १९५३मध्ये समरेंद्रकुमार मित्र यांनी संस्थेतच एक छोटा अॅनालॉग संगणक बांधला. दहा अज्ञातांची एकसामयिक समीकरणं सोडवण्याइतपत त्याची ताकद. त्यानंतर इंग्लंडच्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचा एचईसी-२एम जहाजानं आला आणि १९५६मध्ये कामाला लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक १९६०मध्ये पूर्णपणे सुरू झाला, म्हणजे चार वर्षांनी. १९५०चं दशक संपायच्या आत बरानगरला सोव्हिएत संघाकडून उराल हा आणखी मोठा संगणक आला. आणि १९६६मध्ये संस्थेनं जादवपूर विद्यापीठाबरोबर ट्रान्झिस्टरवर चालणारा इसिजू-१ उभा केला.

एचईसी-२एमची स्मृती फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती, एक हजार चोवीस शब्दांची. आज व्हॉट्सअॅपवर येणारं सुप्रभातचं एक चित्रसुद्धा त्यात मावणार नाही. त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायचा तो थेट यंत्राच्या आकड्यांत. त्या पिढीच्या ड्रमवाल्या यंत्रांत आणखी एक खोच असे. ड्रम सतत फिरत असतो. पुढची आज्ञा चुकीच्या जागी ठेवली तर ती वाचणाऱ्या टोकाखाली परत येईपर्यंत यंत्र नुसतं ताटकळतं. म्हणून कुठली आज्ञा कुठे ठेवायची याचाही हिशेब आधीच कागदावर करायचा. यंत्राचा वेळ महाग आणि वाट्याला थोडा. मग आज्ञा एकेक ओळीनं हातानं चालवून बघायच्या, प्रत्येक पायरीला कुठल्या खान्यात कुठला आकडा आहे ते लिहायचं, खात्री झाल्यावरच कार्डं पाडायची. जगभर त्या काळची हीच रीत होती. ती पिढी यंत्रापुढे बसून नव्हे, टेबलापाशी पेन्सिल घेऊन प्रोग्रामिंग शिकली.

आता परिस्थिती उलटली आहे. यंत्र मुबलक, आणि बोटाच्या एका टिचकीसरशी ‘चालवा’ म्हणता येतं. त्यामुळे मुलं विचार करायच्या आधी चालवून बघतात. जमलं नाही की एक ठोकळा इकडचा तिकडे करतात आणि पुन्हा चालवतात. आठव्या खेपेला कोडं सुटतं, पडदा अभिनंदन करतो आणि मूल पुढच्या पायरीवर जातं. ते का सुटलं, हे त्याला सांगता येईलच असं नाही.

हीच तक्रार ‘अवर ऑफ कोड’बद्दल करता येते, आणि ती अर्धीच खरी आहे. २०१३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या कोड डॉट ऑर्ग या संस्थेनं हा उपक्रम सुरू केला. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचा जन्मदिवस ९ डिसेंबर; त्याच्या आगेमागे येणारा आठवडा तिथे संगणकशिक्षणाचा म्हणून पाळला जातो. कल्पना साधी: कुणाही मुलानं आयुष्यात एकदा तरी तासभर प्रोग्रामिंग करून बघावं. पहिल्या वर्षीच्या कोड्यात एक रागीट पक्षी चक्रव्यूहातून डुकरापर्यंत न्यायचा होता: पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, आणि थोड्या वेळानं ‘पाच वेळा कर’. कोट्यवधी मुलांनी ते केलं. पंचेचाळीसहून अधिक भाषांत ते उपलब्ध आहे. दारातून आत डोकावण्यापुरता हा तास छान आहे. संगणक म्हणजे आपल्याला न झेपणारी गोष्ट ही भीती तो मोडतो, आणि ते काही लहान काम नाही. पण दार उघडलं म्हणजे घर बघून झालं असं समजणारे शाळाचालक फार आहेत. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले, वर्षाचा संगणकविषय झाला.

कोलकात्याचं संगणकाशी असलेलं नातं मात्र नुसत्या कौतुकाचं नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळानं इथल्या इलाको हाउसमध्ये संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी इमारतीभोवती रात्रंदिवस पहारा ठेवला. यंत्र आलं की नोकऱ्या जातील ही भीती होती, आणि ती वेडगळ होती असं आज सहज म्हणणाऱ्यांनी तेव्हाची बेकारी आठवावी. ज्या शहरात देशातला पहिला संगणक आनंदानं आला त्याच शहरात दशकभरानं दुसऱ्याला वेशीवर अडवलं गेलं. पुढे डाव्या आघाडीच्या राजवटीत सॉल्ट लेकचा सेक्टर फाइव्ह उभा राहिला आणि मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना निमंत्रणं देऊ लागले. आज बंगाली घरात मूल सॉफ्टवेअरमध्ये जावं ही आस कुठल्याही मराठी घराइतकीच आहे. संध्याकाळी गल्लोगल्ली ट्यूशनला जाणारी मुलं दिसतात. गणित, भौतिकशास्त्र, आणि आता कोडिंगसुद्धा.

या आशेचा बाजार होणारच होता. जुलै २०२०मध्ये नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्यात सहावीपासून कोडिंगचे उपक्रम असावेत असं म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात बायजूजनं व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी ३० कोटी डॉलरना विकत घेतली. सहा-सात वर्षांच्या मुलांनी अॅप बनवून कोट्यधीश व्हावं अशा थाटाच्या तिच्या जाहिराती टाळेबंदीत घरात अडकलेल्या पालकांपुढे रोज येत होत्या. काही जाहिराती जाहिरात मानक परिषदेच्या सूचनेनंतर मागे घ्याव्या लागल्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानं २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं सहावी ते आठवीसाठी बारा तासांचा कोडिंगचा भाग आणला. बारा तास म्हणजे वर्षभरात आठवड्याला वीस मिनिटंही नाहीत. तरी एका तासापेक्षा बारा बरे.

आपल्याकडे महाराष्ट्रात या आधी एक मोठी लाट येऊन गेली होती. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम लाखो लोकांनी केला. तालुक्याच्या गावात संगणकाची पहिली ओळख त्यातूनच झाली. पश्चिम बंगालमध्ये सरकारी युवा संगणक प्रशिक्षण केंद्रं निघाली. दोन्हीकडे शिकवलं ते मुख्यतः संगणक वापरायला: पत्र टाइप करा, तक्ता भरा, छापा. त्याची गरज होतीच. १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत भोक पाडून संगणक बसवणारे सुगत मित्र मूळचे कोलकात्याचेच. वस्तीतली मुलं शिक्षकाशिवाय तो वापरायला शिकली हे त्यांनी दाखवलं. पण वापरता येणं आणि यंत्राला काय करायचं ते सांगता येणं यांत मोठी दरी आहे, आणि ती भिंतीतल्या भोकातून आपोआप ओलांडली जात नाही. २०२१पासून पश्चिम बंगाल सरकार बारावीच्या विद्यार्थ्यांना फोन किंवा टॅबसाठी दहा हजार रुपये देऊ लागलं. उपकरण हातात आलं. कासवाला कुठे वळायचं ते सांगणारं कुणी मात्र त्याबरोबर आलं नाही.

आणि १९८४ची ‘क्लास’ योजना कुणाला आठवते? देशातल्या २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले होते. सगळं होतं, फक्त शिकवायला तयार झालेला शिक्षक पुरेसा नव्हता. चाळीस वर्षांनी यंत्रं बदलली. हा एक मुद्दा जिथल्या तिथे आहे.

म्हणून मला यंत्राशिवाय होणारे उपक्रम जास्त भरवशाचे वाटतात. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ नावानं असे खेळ जमवले. त्यातला एक कोलकात्यातल्या कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यात खडूच्या एका तुकड्यावर होतो. जमिनीवर सहा वाटा आखायच्या. वाटेत जागोजागी गोल. प्रत्येक गोलात दोन मुलं भेटतात. हातातल्या आकड्यांची तुलना करायची, लहान आकडावाला डावीकडे जाणार, मोठा उजवीकडे. गोल नीट आखले असतील तर सहा मुलं कुठल्याही क्रमानं आत शिरोत, बाहेर पडताना चढत्या क्रमानं उभी असतात. सहा जणांसाठी किमान बारा तुलना लागतात. पहिल्यांदा मुलांना हा हातचलाखीचा प्रयोग वाटतो. मग एखादा गोंधळ होतो, दोन मुलं चुकीच्या जागी बाहेर पडतात, आणि खरा तास तिथे सुरू होतो. कुणाचं चुकलं? सगळ्यांनी उलट चालत मागे यायचं, प्रत्येक गोलापाशी थांबून पुन्हा तुलना करायची. दोघांचे आकडे सारखे निघाले तर? हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात नसल्यानं वर्गात वाद झडतो. साठ मुलांच्या वर्गात आठ संगणकांपुढे दाटी करण्यापेक्षा यात जास्त मुलांचं डोकं चालतं.

दुसरा खेळ इथे झालमुडीवर करावा. आपली भेळ म्हणा हवं तर, पण शेव-चिंचेच्या पाण्याऐवजी मोहरीचं तेल, आणि मुरमुऱ्यांत कांदा, काकडी, उकडलेला बटाटा, मिरची, खोबऱ्याचे काप, चणाचूर. झालमुडीवाला हे सगळं पत्र्याच्या डब्यात घालतो, चमच्यानं खडखडवतो आणि कागदाच्या ठोंग्यात भरून देतो. मुलांनी गटागटानं कृती लिहायची. दिदिमणी, म्हणजे आपल्या शाळेतल्या बाई, ती अक्षरशः पाळणार, स्वतःची अक्कल न वापरता. ‘तेल घाला’ म्हटलं की बाई बाटली उपडी करायला लागतात. ‘मिरची घाला’ म्हटलं की अख्खी मिरची देठासकट डब्यात. काकडी आधी आणि मुडी, म्हणजे मुरमुरे, खूप नंतर असं लिहिणाऱ्या गटाला पाणी सुटलेल्या काकडीत मऊ पडलेली मुडी खावी लागते. आज्ञांचा क्रम का महत्त्वाचा ते जिभेला कळतं. ‘तिखट नको’ म्हणणारं गिऱ्हाईक आलं तर काय, या प्रश्नातून ‘जर-तर’ येतं. सगळ्यांत अवघड असतं ते हलवणं. ‘मसाला सगळीकडे लागेपर्यंत हलवा.’ बाई हलवत राहतात, थांबत नाहीत. लागला हे मला कसं कळणार? इथे वर्ग गप्प होतो. थांबायची खूण द्यायची राहिली की प्रोग्राम अडकून बसतो, हे पुढे पडद्यावर अनेकदा दिसेल. पण बाईंचा हात दुखेपर्यंत हललेला डबा कुणी विसरत नाही.

महाराष्ट्रात असलं काम बऱ्यापैकी रुजतं आहे. एसीएम इंडियाच्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमानं २०१६पासून संगणकीय विचाराचे पाठ तयार केले, मराठीतही, आणि त्यातले अनेक संगणकाशिवाय घेता येतात. लिथुआनियात २००४ साली सुरू झालेली बेब्रास स्पर्धा भारतात हीच मंडळी भरवतात; त्यात प्रोग्राम लिहायचा नसतो, काही मिनिटांत सुटतील अशी कोडी असतात. संगणक ऑलिंपियाडसाठी भारतात होणारी पहिली, विभागीय फेरीसुद्धा कागद-पेन्सिलीचीच असते. तिथले प्रश्न सोडवणारं मूल बरानगरच्या त्या जुन्या टेबलापाशी बसलं असतं तर बिचकलं नसतं.

आता कासवाकडे वळतो, कारण कोलकात्यात त्याला एक वेगळा सोबती मिळतो. आपली ठिपक्यांची रांगोळी बघा. आधी ठिपक्यांची जाळी, मग कुठल्या ठिपक्यापासून कुठल्या ठिपक्यापर्यंत रेघ न्यायची ते ठरलेलं. प्रत्येक जागेला पत्ता आहे. दक्षिणेतल्या कोलमवर तर १९७०च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी संगणकशास्त्राचे निबंध लिहिले. कोलम काढणाऱ्या बायकांच्या मनातले नियम त्यांनी व्याकरणासारखे मांडले. बंगालची अल्पना यापेक्षा निराळी. तांदळाच्या पिठाच्या पातळ लगद्यात कापडाचा बोळा भिजवायचा आणि बोटांवरून निथळणाऱ्या पांढऱ्या रेघेनं थेट जमिनीवर वेल काढत जायचं. ठिपके नाहीत, जाळी नाही. हात जिथे आहे तिथून किती पुढे आणि किती वळून, एवढंच. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९च्या ‘बांगलार ब्रत’मध्ये व्रतांबरोबर अल्पनांचाही अभ्यास केला. मला त्या रेघांमध्ये कासवाची भूमिती दिसते: एक पाऊल पुढे, एक अंश वळण, हेच ३६० वेळा म्हणजे वर्तुळ, वळण हळूहळू वाढवत नेलं की वेलाचं आत वळणारं टोक. ठिपक्यांची रांगोळी काढत वाढलेल्या मराठी मुलीला आलेखकागदावरचे बिंदू लवकर समजतील आणि अल्पना काढणाऱ्या बंगाली मुलीला कासव, अशी माझी एक अटकळ आहे. हाझरा रोडच्या महाराष्ट्र निवासात दोन्ही येणाऱ्या मुली सापडाव्यात. ज्याला प्रयोग करायचा त्यानं तिथे करावा.

या शहराला कल्पनेतला संगणकही अनोळखी नाही. सत्यजित राय यांनी आपल्या विज्ञानकथांतल्या प्रोफेसर शंकूची १९७०च्या दशकात ‘कंपू’ नावाच्या गोल संगणकाशी गाठ घालून दिली. आपल्याकडे जसे दिवाळी अंक तशा तिकडे पूजावार्षिकी; त्या वाचून बंगालमधल्या कित्येक मुलांनी संगणक बघण्याआधी कंपू बघितला असणार.

एक व्यावहारिक अडचण मात्र कुणी लक्षात घेत नाही. ‘अवर ऑफ कोड’ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येत आला आहे, आणि पश्चिम बंगालच्या राज्य मंडळाच्या शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपतं. म्हणजे जगभर मुलं कासवं आणि पक्षी फिरवत असतात तेव्हा कोलकात्याच्या बंगाली शाळांत वर्षअखेरीचं मूल्यमापन आणि निकाल यांची धांदल. त्या आठवड्यात कुठला मुख्याध्यापक व्हरांड्यात खडूनं वाटा आखू देईल? तो तास इथे जानेवारीत घ्यावा. नवी पुस्तकं वाटून झालेली असतात, वेळापत्रक अजून बसलेलं नसतं. आणि काही आठवड्यांत सरस्वतीपूजा येते. त्या दिवशी मुलं आपली पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि अभ्यासाला शिवत नाहीत. पण आदल्या संध्याकाळी शाळेच्या फरशीवर अल्पना काढायची असतेच. मोठी मुलं पिठाचे वाडगे घेऊन गुडघ्यांवर बसलेली असतात. त्यातल्या दोघांनी रेघ ओढायची, बाकीच्यांनी फक्त तोंडी सांगायचं: किती पुढे, किती वळून, किती वेळा. हा तास आहे हे कुणाला सांगू नये, म्हणजे मुलं पळणार नाहीत.